चौथी खेप

३ तारीख, सोमवार

ज्या माणसाने आयुष्यात कुणाचा एक अर्जही भरून दिलेला नाही, त्याला आमच्या जिन्यातली माणसं मत का देणार आहेत? मला माहीत नाही. राज्यशास्त्रात पहिला वर्ग मिळवला, घरातली पहिली पदवीधर झाले, तरी माहीत नाही. आज तळमजल्यावरच्या शिवणकाकूंनी मशीनवरून मान वर न करता विचारलं, "तुझ्या बाईंना मत का द्यायचं ते एका वाक्यात सांग." मी सात वाक्यं सांगितली. काकू म्हणाल्या, "बरं." म्हणून ही वही. निदान इथे तरी नीट उत्तर लिहावं.

बाई म्हणजे आमच्या वकीलबाई. चार वेळा निवडून आलेल्या. त्यांच्या कचेरीत मी पाच महिन्यांपासून पत्रव्यवहार बघते. समोर उभा आहे तो नट. अकरा वर्षं एकाच मालिकेत इन्स्पेक्टरचं काम केलं, म्हणून सगळे त्याला इन्स्पेक्टरच म्हणतात. त्याचं खरं नाव मतपत्रिकेवर वाचून निम्मे लोक विचारतील, हा कोण?

मतदान १९ तारखेला आहे.

४ तारीख, मंगळवार

आजपासून मला घरभेटी दिल्या. आमची इमारत आणि मागची गल्ली, तीनशे बारा घरं. बाई म्हणाल्या, "स्वतःच्या माणसांपासून सुरुवात कर. तुझा जिना तू आण."

आमच्याकडे पिवळी कार्डं आहेत. एका घराचं एक. वर नाव आणि पत्ता, खाली कामाची नोंद: कोणत्या दिवशी आले, काय हवं होतं, कितव्या खेपेला झालं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो बाई स्वतः भरतात, हिरव्या शाईने. वीस वर्षांची कार्डं, चार लाकडी खोकी. एवढी शिस्त कुठल्या मंत्र्याच्या कचेरीत नसेल.

कचेरीतले कारकूनकाका म्हणाले, "लोकांना केलेलं आठवत नाही पोरी. आपण आठवण करून द्यायची. दारात उभं राहायचं, कार्ड काढायचं, स्वच्छ वाचायचं. माणूस खजील होतो आणि होय म्हणतो."

खजील हा शब्द मला आवडला नाही. पण पद्धत बरोबर आहे. पुरावा दाखवून मत मागायचं, हेच तर लोकशाहीत अपेक्षित आहे.

बाहेरच्या बाकाबद्दल लिहायचं राहिलं. कचेरीच्या दाराबाहेर, थेट रस्त्यावर, एक लांब लाकडी बाक आहे. काम घेऊन येणारे तिथे बसतात, नंबराने आत जातात. बाई म्हणतात, "माझ्याकडे मागचं दार नाही. जो येतो तो सगळ्यांसमक्ष येतो." मुलाखतीच्या दिवशी मी हे ऐकलं आणि तिथेच ठरवलं की नोकरी करायची तर इथे.

६ तारीख, गुरुवार

चांगला दिवस. अकरा घरं, दहा होय.

पहिलं घर शिवणकाकूंचं घेतलं. त्यांच्या सूनबाई नुकत्याच लग्न होऊन आल्या आहेत, त्याही दारात आल्या. समोरचं दार उघडं होतं, तिथल्या आजोबांनाही मी म्हटलं, ऐका. कार्ड वाचलं: "नऊ वर्षांपूर्वी, मुलाला पोलीस ठाण्यातून सोडवण्यासाठी. दुसऱ्या खेपेला काम झालं." शेरा होता, "मुलगा वाईट नाही, संगत वाईट." तोही वाचला, कारण त्यातून बाईंचा चांगुलपणा दिसतो.

काकू म्हणाल्या, "हो हो, बाईंनाच मत," आणि लगेच दार लावलं. घाईत असाव्यात. कापडं पडली होती.

होय लिहिलं.

घरी आल्यावर बाबांना सांगायला गेले. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. शहरातल्या अर्ध्या लिफ्ट त्यांच्या हातून गेल्या आहेत आणि आमच्या चार मजली इमारतीला लिफ्ट नाही. यावरून इमारतीतले लोक वर्षातून चार वेळा तोच विनोद करतात आणि बाबा चारही वेळा हसतात. मी म्हटलं, दहा होय आले. ते म्हणाले, "जेवलीस का?" मी खोकं टेबलावर ठेवलं, तसे ते उठून गॅलरीत गेले.

आमच्या घराचं कार्ड मी काढलंच नाही. आमचं काय काम असणार? थेट होय लिहिलं.

९ तारीख, रविवार

सुट्टी. घरात मालिकेचे जुने भाग लागले होते. सध्या सगळ्या वाहिन्यांवर तेच चालू आहे.

प्रत्येक भागात एक प्रसंग ठरलेला. एखादा गरीब माणूस कुठल्यातरी कचेरीत हेलपाटे घालत असतो. टेबलामागचा साहेब चहा पीत असतो, वर बघतही नाही. मग इन्स्पेक्टर येतो, टोपी टेबलावर ठेवतो आणि हळू आवाजात म्हणतो, "उभा राहा." साहेब उभा राहतो. बस्स. एवढंच. पुढे त्या गरीब माणसाचं काम झालं की नाही हेही बऱ्याच भागांत दाखवत नाहीत.

मी आईला म्हटलं, "हा सगळा खोटा कारभार आहे. इन्स्पेक्टरला असा अधिकार नसतो. खातेनिहाय तक्रारीची रीतसर पद्धत असते."

आई एका इस्त्रीच्या दुकानात काम करते आणि घरीही इस्त्रीच करते. ती म्हणाली, "गप गं, बघू दे त्यांना."

बाबा खुर्चीच्या टोकाशी येऊन बसले होते. तो भाग त्यांनी निदान वीस वेळा पाहिला असेल. "उभा राहा" आलं तेव्हा त्यांचे ओठ हलले.

मला हसू आलं. मग वाईट वाटलं. इतका कष्टाळू माणूस, आणि याला असल्या गोष्टी पुरतात.

१० तारीख, सोमवार

लिहिण्यासारखं काही नाही. डबा बाकावर बसून एकटीने खाल्ला. हल्ली कामासाठी फारसं कुणी येत नाही, निवडणुकीमुळे असेल. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बायका बोलत होत्या, मी दिसताच थांबल्या. एक म्हणाली, "आल्या बाईंच्या बाई." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

वसतिगृहातल्या मैत्रिणीला मोठं पत्र लिहायला घेतलं. तिसऱ्या ओळीला लक्षात आलं की मी कचेरीतल्यासारखं लिहितेय, "वरील विषयास अनुसरून". फाडलं.

१२ तारीख, बुधवार

इन्स्पेक्टरच्या सभेला गेले. अभ्यास म्हणून. बिल्ला पिशवीत ठेवला.

तो दोन तास उशिरा आला आणि चार मिनिटं बोलला. पाण्याचा, शाळेचा, दवाखान्याचा उल्लेखही नाही. म्हणाला, "मी काही वचन देत नाही. मी फक्त त्या कचेरीत जाणार. आणि साहेब..." पुढचं वाक्य मैदानाने म्हटलं.

माझ्याशेजारी एक भाजीवाली होती, पाटी डोक्यावरून न उतरवता दोन तास उभी. मी विचारलं, "मावशी, पण हे पाणी कसं आणणार?"

"ते तू बघ बाई, तू शिकलेली दिसतेस. आम्हाला साहेब उभा राहिलेला बघायचाय."

"मग त्याने काय होणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं, कीव आल्यासारखं. "तू कधी कुठे रांगेत बसली नाहीस ना?"

मी म्हटलं, बसले आहे. परीक्षेच्या अर्जाला, वसतिगृहाच्या यादीला. पण नंतर आठवून पाहिलं. वसतिगृहाला मी फक्त सही करायला गेले होते. बाकी सगळं बाबांनी केलं.

१५ तारीख, शनिवार

आमची चौकसभा. तीस खुर्च्या, त्यातल्या अकरा भरल्या, पैकी तीन कचेरीतल्या. बाई पाऊण तास बोलल्या. जुने पाइप कोणत्या वर्षी टाकले, कोणत्या खात्याकडून मंजुरी आली, फाइल कुठे अडली आणि त्यांनी ती कशी सोडवली. प्रत्येक शब्द खरा. मी टिपून घेतला.

परत येताना म्हणाल्या, "लोक दमलेत गं कामावरून." मग बऱ्याच वेळाने, "वीस वर्षांपूर्वी मी रस्त्याने चालले की पोरं मागे धावायची. आता माणसं दुकानात शिरतात. गर्दी फार वाढली, दुसरं काय."

माझ्या यादीत तीनशे बारापैकी दोनशे शहात्तर होय आहेत. तेवढं सांगून त्यांना धीर दिला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. या शहरात माझ्या पाठीवर सध्या तेवढा एकच हात आहे.

१७ तारीख, सोमवार

यादी पक्की करताना कारकूनकाका म्हणाले, एका घराला होय आहे पण कार्डावर खूण नाही. ते घर आमचं. मी म्हटलं, आमचं कार्डच नसेल. ते म्हणाले, "आहे की."

इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुन्हा बघावं लागणार नाही.

"लिफ्ट मेकॅनिक. मुलीला वसतिगृहात जागा हवी. खेप १: भेट झाली नाही. खेप २: कागद अपुरे. खेप ३: भेट झाली नाही, दुपारपर्यंत बसून होता. खेप ४: काम झालं."

आणि शेवटच्या रकान्यात, हिरव्या शाईने: "फार बोलत नाही. रडला. पत्र आजच द्यावे."

मला वाटत होतं, ती जागा मला गुणांवर मिळाली.

बाईंकडे गेले. त्यांना सगळं आठवत होतं. "अगं, जागा तुझीच होती. यादीत तू सातवी होतीस. वसतिगृहाचे ते लोक देत नव्हते, खेटे घालायला लावत होते. मी एक पत्र लिहिलं, दुसऱ्या दिवशी सरळ झाले." मग प्रेमाने म्हणाल्या, "आता त्यांना सांग, मुलीचं सोनं झालं."

जागा माझीच होती. तरी रडावं लागलं. ही दोन वाक्यं मी एकाखाली एक लिहून बघते आहे आणि मला त्यांचा मेळ लागत नाही.

१८ तारीख, मंगळवार

संध्याकाळी बाबा गॅलरीत हत्यारं पुसत होते. आईने मला नजरेने नको म्हटलं. तरी गेले.

"बाबा, तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"काय ते?"

"बाक."

त्यांनी पक्कड पुसली, ठेवली, दुसरी घेतली. "त्यात सांगायचं काय? तू शिकत होतीस."

"कार्डावर लिहिलंय सगळं. वाचून दाखवू?"

"नको. पाठ आहे मला."

मी विचारलं, "बाईंनी काम केलं ना पण?"

"केलं. शंभर नंबरी माणूस. माझ्यासमोर फोन केला, पत्र दिलं, वर पाणी विचारलं."

"मग उद्या मत त्यांनाच ना?"

ते खाली रस्त्याकडे बघत राहिले. "तिसऱ्या दिवशी मी बाकावर बसलो होतो, तेव्हा आमचे सुपरवायझर समोरून गेले. दोघं भाडेकरू गेले. शिवणकाकू गेल्या. प्रत्येकाने विचारलं, काय काम काढलंत? प्रत्येकाला सांगितलं." मग म्हणाले, "बाई रस्त्यात दिसल्या की मी वाट बदलतो. सहा वर्षं झाली. त्या हसून विचारतात, मुलगी कशी आहे? चांगल्या मनाने विचारतात. आणि मी परत तिथेच बसलेला असतो."

"आणि इन्स्पेक्टर?"

"तो मला ओळखत नाही."

मी चिडले. मी म्हटलं, हा काय निकष झाला? तो काही करणार नाही, त्याला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, पुढच्या मुलीला जागा अडली तर पत्र कोण देणार? माझा आवाज वाढला. खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

बाबा म्हणाले, "तुझं बरोबर आहे." आणि हत्यारांची पेटी बंद केली.

वाद जिंकल्यावर इतकं एकटं वाटतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

१९ तारीख, बुधवार

मतदान. आईने बाबांचा राखाडी शर्ट काढला. तो कपाटात इस्त्री करून टांगलेला असतो, बाबा कधी घालत नाहीत. आई मागे एकदा म्हणाली होती, देऊन टाका कुणाला तरी, तर म्हणाले, राहू दे. आज तोच घातला. मी विचारलं, हा कधीचा? आई म्हणाली, "तुझ्या वसतिगृहाच्या वेळी घेतलेला."

रांगेत बाबा पुढे, मी मागे. सगळा जिना होता. शिवणकाकूंनी माझ्याशी बोलणं टाळलं आणि बाबांशी मात्र बराच वेळ बोलल्या, लिफ्टबद्दल. सगळे हसले.

मी बाईंना मत दिलं. उद्या पुन्हा मतदान झालं तरी त्यांनाच देईन.

२२ तारीख, शनिवार

बाई हरल्या. थोडक्यात नाही.

आमच्या केंद्रावर त्यांना एकोणचाळीस मतं पडली. मी दोनशे शहात्तर घरं लिहिली होती. कारकूनकाकांनी माझी यादी दोन बोटांत धरून वर केली. "ही फ्रेम करून लाव पोरी." चेष्टा केली, पण त्यांचे डोळे लाल होते.

मी ज्या ज्या दारात कार्ड वाचलं, तिथे तिथे हरलो. जिथे कुणी घरी नव्हतं आणि वाचता आलं नाही, ती घरं किती आणि ती एकोणचाळीस मतं कुणाची, हे मी आज दिवसभर जुळवून बघितलं. मग थांबवलं. शिवणकाकूंच्या सुनेचा चेहरा मध्ये येत होता. ती दारात उभी होती आणि माझं वाचून संपल्यावर तिने नवऱ्याच्या चपलांकडे बघितलं होतं. हे मी त्या दिवशी पाहिलं होतं, लिहिलं मात्र नव्हतं.

२४ तारीख, सोमवार

इन्स्पेक्टरचा व्यवस्थापक आला होता. दोन फोन, फार सभ्य. म्हणाला, "साहेबांना भागाची माहिती नाही, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. तुमच्याकडे कार्डं आहेत म्हणे."

बाई म्हणाल्या, "घेऊन जा. कामं माझी नाहीत, लोकांची आहेत. अडायला नकोत." पराभवानंतर दोन दिवसांत असं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्याने एक खोकं उघडलं, चारपाच कार्डं चाळली. एकावर थांबला, हसला. "शेरे पण आहेत. वा. हे फार कामाचं. साहेब एखाद्या घरी गेले आणि त्यांनी ही जुनी गोष्ट काढली, तर माणूस गार होईल."

शुक्रवारी माणूस पाठवतो म्हणाला. तुम्हीही या, म्हणाला, अशी हुशार मुलगी आम्हाला हवीच आहे. मी विचार करून सांगते म्हटलं. लाज वाटली, पण थोडं बरंही वाटलं. खोटं कशाला लिहू?

२७ तारीख, गुरुवार

कार्डं ज्याची त्याला परत करायची, हे बाईंना मी विचारलं नाही. सांगितलं.

अर्धवट राहिलेली कामं एकेचाळीस. ती मी कोऱ्या कागदांवर उतरवली: पत्ता, काम, कुठल्या टेबलावर अडलंय. खेपा नाहीत, शेरे नाहीत. ती यादी काल व्यवस्थापकाला पोचवली आणि त्याला सांगितलं की माणूस पाठवू नका, मीही येणार नाही. कारकूनकाका म्हणाले, "वेडी आहेस." मग पाकिटं चिकटवायला बसले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "शेरे वाचलेस सगळे?"

"या तीन दिवसांत वाचले."

"मी ते माझ्यासाठी लिहिले होते गं. माणूस विसरू नये म्हणून."

मला माहीत आहे, असं मी म्हटलं. आणि ते खरं आहे.

थोड्या वेळाने त्या बाहेर गेल्या आणि बाकावर बसल्या. मी काय, वीस वर्षांत कारकूनकाकांनीही त्यांना तिथे बसलेलं पाहिलं नव्हतं. समोरून माणसं जात होती. "इथून सगळा रस्ता दिसतो की," त्या म्हणाल्या. मग पदर सारखा केला, आणि आणखी थोडा वेळ बसून राहिल्या. मी आत थांबले.

२८ तारीख, शुक्रवार

माझ्या वाट्याची तीनशे बारा पाकिटं होती, बाकीच्या गल्ल्यांची कारकूनकाकांनी घेतली. वर फक्त घराचा क्रमांक, नाव नाही. काल दुपारपासून आज दुपारपर्यंत मी ती दारांच्या फटींतून आत सरकवली. कुणाची बेल वाजवली नाही, काही वाचलं नाही. गल्ली आधी केली, मग आमची इमारत. शिवणकाकूंच्या दारातून मशीनचा आवाज येत होता. पाकीट आत गेल्यावर तो थांबला. मी वरच्या मजल्याकडे निघाले.

सगळ्यात शेवटी चौथा मजला, आमचं दार. आज बाबांची सुट्टी होती. आतून टीव्हीचा आवाज येत होता. आमचंही पाकीट मी इतरांसारखंच फटीतून सरकवलं. खुर्ची मागे सरकल्याचं ऐकू आलं, मग पावलं, मग टीव्ही बंद झाला.

जिन्यात मी शंभरपर्यंत मोजलं. मग बेल वाजवली.